'उद्या सकाळी तिथं कोण बसतं?' असं विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले, पण मनातलं सगळं बोलता आलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या वाचनालयाचा सर्व्हर जेंटूवर चालतो. हा लिनक्सचा असा प्रकार, की ज्यात बहुतेक प्रोग्रॅम आपल्याच यंत्रावर कंपाइल करून, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून घेतात. पुस्तकांची यादी, देवघेव, अभ्यासिकेतल्या जागांची नोंद, सगळं त्याच्यावर. बंद कधी पडला नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत रखडायचा. ज्यांना विचारलं त्यांनी नाडी न बघताच औषध लिहून दिलं, प्रोग्रॅम वेगानं चालावेत म्हणून कंपाइलरला द्यायच्या सूचनांचं. 'ओ२ काढ, ओ३ घाल.' 'फास्ट-मॅथ लाव, मग बघ कसा पळतो.' 'मार्च=नेटिव्ह टाकून सगळं पुन्हा कंपाइल कर.' एकानं तर 'जेंटू घेतलंत ना, मग भोगा' असं सुनावलं. त्या सर्व्हरवर काय चालतं, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, "उद्या सकाळी तिथं कोण बसतं?"

मी सांगितलं, काउंटरवरच्या दोघी ताई आणि उजाडल्यापासून एमपीएससीची मुलं. तुम्ही म्हणालात, "मग आज रात्री काही बदलायचं नाही. तो कशासाठी थांबतोय ते आधी बघू."

दादा, त्या एका प्रश्नानं माझ्या जिवात जीव आला. आमची माणसं कुणाच्या तरी हिशेबात धरली गेली होती.

पुढचं सगळं त्यातूनच उलगडलं. ऐन गर्दीत तुम्ही फोनवर थांबून व्हीएमस्टॅटचे (प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांचं काय चाललंय ते दाखवणाऱ्या कमांडचे) आकडे माझ्याकडून वाचून घेतलेत. प्रोसेसर बराचसा रिकामा, वेळ जात होता तो डिस्कची वाट बघण्यात. तिथं ओ३ काय करणार? त्यानं कोड फुगतो, डिस्क काही वेगानं वाचत नाही. फास्ट-मॅथ तर अपूर्णांकांच्या गणिताचे नियमच ढिले करतं. ते सरसकट लावायची गोष्टच नव्हे. आणि आमचा राखीव सर्व्हर जुन्या प्रोसेसरचा आहे, मुख्य यंत्रावर तयार झालेली पॅकेजेस आम्ही त्याच्यावर चढवतो, हेही तुम्हीच काढून घेतलंत. नेटिव्ह म्हणजे ज्या यंत्रावर कंपाइल केलं त्याच्याच प्रोसेसरसाठी बेतलेला कोड. ते घातलं असतं तर अडीअडचणीला धावून येणारं ते यंत्र 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' (ही आज्ञा मला कळत नाही) दाखवत बसलं असतं.

जाणकार पुष्कळ भेटतात, दादा. आपलं ज्ञान बाजूला ठेवून समोरच्याचं ऐकून घेणारे फार थोडे. चालत्या यंत्रामागे कुणाची तरी सकाळ असते, हे ज्याला आपणहून सुचतं, त्याचा स्वभावच मुळात सरळ असावा लागतो. तुम्ही ना पैसे घेतलेत, ना कधी उपकाराची भाषा केलीत.

मेक.कॉन्फमध्ये, म्हणजे कंपाइलरच्या सूचना लिहितात त्या फाइलमध्ये, अजून ओ२ आणि पाइप एवढंच आहे. नवी डिस्क बसली. ताईंनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितलाय. इकडे आलात की अभ्यासिकेत नक्की या. मुलांना तुमच्याशी बोलायचंय.

तुमचा,
वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणारा