गोष्टीचे मुद्दे मुलांनाच काढू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

सहावी ते आठवीच्या मराठीत कथालेखनाचा प्रश्न अजूनही बहुतेक वेळा तसाच येतो, जसा आपल्या शाळेच्या दिवसांत येत असेल. ‘लाकूडतोड्या – नदीकाठचे झाड – कुऱ्हाड पाण्यात – जलदेवता – सोन्याची कुऱ्हाड – बक्षीस – तात्पर्य.’ मुलाने मधल्या जागी क्रियापदं भरायची, वर शीर्षक द्यायचं, खाली तात्पर्य. कोणाला काय हवंय, आडवं काय येतं, कुठली गोष्ट राखून ठेवायची, हे सगळं प्रश्नपत्रिका काढणाऱ्यानेच ठरवून टाकलेलं असतं.

मी सातवीला मराठी शिकवतो. मुद्दे न देता लिहायला सांगितलं, की मुलं लिहितात: जत्रेला गेलो, पाळण्यात बसलो, भेळ खाल्ली, घरी आलो. घटना भरपूर, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. मग मी म्हणतो, कुठलंही एक वाक्य खोडा आणि गोष्ट अडते का बघा. अडत नाही, हे त्यांचं त्यांनाच दिसतं.

नमुन्यासाठी लांब जावं लागत नाही. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी सगळ्यांना पाठ असते. लेकीकडे जाताना ती वाघाला सांगते, तूपरोटी खाऊन जाडजूड होते, मग मला खा. परतीची वाट तिथेच धोक्याची होते. वाघाची भेट गाळली तर भोपळा कशाला, असं विचारलं की वर्गात हात वर होतात. श्रावणातल्या बऱ्याच कहाण्यांचंही तसंच: आधी वसा, मग तो टाकणं, मग दैन्य. ‘संघर्ष’, ‘उत्कर्षबिंदू’ यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून देण्याची गरज मला तरी पडलेली नाही.

म्हणून विनंती आहे. संकलित मूल्यमापनात, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, तयार मुद्द्यांऐवजी एक अडचण द्यावी: शेवटची एसटी निघून गेली आणि आजीचं औषध नातवाच्याच पिशवीत राहिलं. मुद्दे मुलाने काढावेत आणि त्या कच्च्या आराखड्यालाही गुण असावेत. तात्पर्य ऐच्छिक करावं. (ते आधी ठरलं, की दुष्ट माणूस पहिल्याच ओळीत ओळखू येतो, पेपर तपासणाऱ्यालाही कंटाळा येतो.) आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या एखाद्या शिक्षण परिषदेत माहिती भरण्याच्या सूचना बाजूला ठेवून शिक्षकांनाच अशी एक गोष्ट लिहायला बसवावं. आमच्यापैकी अनेकांनी डी.एड.नंतर गोष्ट लिहिलेली नाही.

असे प्रश्न दिले तर गुणदानात एकवाक्यता राहणार नाही, असं आपल्याला सांगितलं जाईल. पण अडचण पात्राच्या कृतीने सुटली की योगायोगाने, आणि मधला प्रसंग काढला तर शेवट टिकतो का, एवढं कुठल्याही परीक्षकाला तपासता येतं.

आपला,
एक मराठी शिक्षक