‘हाय, खरं तुला देत नाही’ म्हणणाऱ्या पेंटर मामांना

अनगोळ, बेळगाव

ती. स्व. पेंटर मामांस,
सा. न. वि. वि.

आभार मानायला दोनदा गॅरेजवर येऊन गेलो. पहिल्यांदा तुम्ही एका व्हॅनच्या दाराला कागद चिकटवत होता, मान वर करायलाही सवड नव्हती. दुसऱ्यांदा मी विषय काढताच "असू दे की, त्यात काय" म्हणून तुम्ही चहा सांगितलात आणि विषय संपला. म्हणून आता पत्र, आणि तेही उघडं. आपल्याकडे निपाणी-खानापूरपर्यंत खोक्यातली विमानं आणि रणगाडे जोडत बसणारी चार वेडी माणसं असतीलच. त्यांच्याही कानावर हे पडलेलं बरं.

माझ्या स्कूटरचं मडगार्ड रंगवायला टाकलं होतं, तिथून हे सुरू झालं. घरी तेव्हा माझं एक विमान नुकतंच मेलं होतं. वडिलांनी हवाई दलात मिग-21 वर एअरफ्रेम फिटर म्हणून उमेदीची वर्षं काढली. 1963 साली आलेलं ते विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निरोप घेणार अशी बातमी आली, तेव्हा त्या दिवशी त्यांच्या हातात एक छोटं मिग ठेवायचं मी ठरवलं. 1:72 मापाचं, म्हणजे वीतभर. जोडायला आठ दिवस लागले. मारायला एक संध्याकाळ पुरली. हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी गेटाला रंगाआधी मारायचा राखाडी प्रायमर आणला, एन.सी. थिनरनं पातळ केला आणि एअरब्रशनं, म्हणजे फवाऱ्याच्या छोट्या पेननं, उडवला. थोड्याच वेळात पंख दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. पॅनलच्या कोरीव रेषा तर शोधूनही सापडेनात.

मी समजलो, चूक एवढीच की प्रायमर लोखंडाचा होता. म्हणून तुमच्याकडे वाटी घेऊन आलो. "मामा, बंपरला मारता तो प्लास्टिकचा प्रायमर आहे ना? थोडा द्या, पैसे देतो." तुम्ही हात पुसत म्हणालात, "हाय. खरं तुला देत नाही." (आपल्या बेळगावी बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

मला राग आला होता, आता कबूल करतो. वाटलं, वाटीभर प्रायमरसाठी काय हे! तुम्ही मात्र मलाच उलट पाठवलंत, की पार्ट तोडून उरलेली प्लास्टिकची चौकट असेल ती घेऊन ये. दुसऱ्या दिवशी आणली. तिच्यावर तुम्ही थिनरचा एक थेंब सोडलात, मनात काहीतरी मोजलंत आणि म्हणालात, बोट लाव. बोट चिकटलं. बोटाचा ठसा त्या तुकड्यावर अजून आहे, टेबलाच्या खणात जपून ठेवलाय. मग बंपरच्या प्रायमरचा थेंब. तिथेही तेच.

"प्लास्टिक म्हणजे एकच जात हाय काय गा?"

नाही. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा. त्याच्यावर काही धरतच नाही, म्हणून त्याच्या प्रायमरमध्ये झायलीन-टोल्यूइनसारखी कडक द्रावणं घालावी लागतात. आमचे किट असतात पॉलिस्टायरीनचे, आणि ते त्याच द्रावणांत विरघळतं. आम्ही पार्ट चिकटवतो तेही असंच, कडा विरघळवून. म्हणजे मी पंखावर प्रायमर म्हणून जवळपास डिंकच फवारला होता. हे सगळं पुस्तकातून कळलं असतं, पण बोट चिकटल्याशिवाय पटलं नसतं.

तुमचा दुसरा नकार टू-के प्रायमरला होता, हार्डनर घालून मारता त्याला. त्याचं कारण मी घरी जाऊन गणित केल्यावर समजलं. गाडीवर दाट प्रायमर एक दशांश मिलिमीटर चढला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट ओरखडे भरून निघतात. तेवढाच थर माझ्या विमानावर चढला तर 72 नं गुणायचं. खऱ्या मिगवर जवळपास सव्वासात मिलिमीटरचा गिलावा! तुमच्या गनचं नोझल 1.8 चं आणि माझ्या एअरब्रशचं 0.3 चं, यातच खरं तर उत्तर होतं.

मधल्या काळात मी स्वतःचं डोकं चालवून पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमर मारून बघितला होता, तुम्हाला न सांगता. वास नाही, ब्रश नळाखाली धुता येतो, घरच्यांची कटकट नाही. पण घासायचा पेपर मारायला घेतला की तो रबरासारखा गोळा होऊन निघे, आणि मास्किंग टेपबरोबर तर पापुद्रेच आले. मी प्रायमरला शिव्या घालत होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "धुतलास काय?" साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेलं तेल, वर माझ्या बोटांचा घाम, हे सगळं तसंच होतं. "तोंड न धुता पावडर लावतोस काय?" तेव्हापासून प्रत्येक चौकट भांड्याच्या लिक्विडनं, जुन्या टूथब्रशनं धुतो आणि रात्रभर पंख्याखाली ठेवतो. एक मात्र तुमचं ऐकूनही मी मत बदललेलं नाही: बंद फ्लॅटमध्ये, लहान मूल असलेल्या घरात काम करणाऱ्यानं पाण्यातलाच प्रायमर घ्यावा. नीट धुतलेल्या पार्टावर, दोन दिवस वाळू दिला तर तो चांगला धरतो. पेपर मारण्याचं सुख मात्र त्यात नाही.

मला ते सुख हवं होतं, कारण वडिलांच्या वेळची मिग चंदेरी होती. चंदेरी रंग म्हणजे चुगलखोर. हिरव्या-करड्या रंगाखाली जे खपून जातं ते सगळं तो ओरडून सांगतो. तेव्हा तुम्हीच म्हणालात की तुझ्या खेळण्यांच्या लोकांनी काहीतरी काढलंच असेल, ते हुडक. हुडकलं. जपानी मिस्टर सरफेसर, लॅकरचाच, पण पॉलिस्टायरीनला वरवर चावा घेईल इतपतच. त्याचे 500, 1000, 1200, 1500 असे नंबर मी वाचून दाखवल्यावर तुम्ही हसलात. "हे तर पेपरचे नंबर!" मी तीन संध्याकाळी वाचून जे समजून घेतलं ते तुम्हाला एका आकड्यात कळलं: आकडा वाढेल तसा कण बारीक. 500 जोडातल्या फटी बुजवायला, 1000 रोजच्या कामाला, 1500 चकचकीत कामाला. चंदेरीखाली काळा 1500 घ्यायचं ठरलं, म्हणजे धातूला खोली येते. पिवळा किंवा लाल असता तर पांढरा घेतला असता. पुण्याहून मागवला तर यायला बरेच दिवस लागले, कारण असलं पेट घेणारं सामान विमानानं येत नाही. विमानाचा प्रायमर रस्त्यानं आला.

आणि आला तो आपल्या श्रावणात. पाऊस थांबलेला, पण हवा पिळून काढावी अशी. मी घाईनं मारला आणि काळ्यावर पांढरट धुकं उतरलं. थिनर झपाट्यानं उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, हे तुम्ही सांगितलंत. हवामानाचा अंदाज बघत बसलेल्या मला तुमची कसोटी जास्त कामाला आली: दोरीवरचा टॉवेल सकाळी टाकून दुपारपर्यंत वाळला तर मार, नाहीतर गप बस. त्या आठवड्यात टॉवेल एकदाच वाळला. सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा देऊन ते धुकं तुम्ही माझ्यासमोर घालवलंत, तेव्हा तुम्ही जादूगारच वाटलात.

तुमचे उस्ताद हुबळीचे, म्हणून रंगाच्या बाबतीत तुम्ही कन्नडमध्येच ओरडता. एअरब्रश हातात आला की मला थांबता येत नाही. दुरून मारला की खरखरीत, जवळून मारला की ओघळ, आणि ओघळ पुसायला गेलो की सत्यानाश. मागून तुमचा आवाज आला, "साकु!" पुरे. पहिला थर नुसता धुरळा, खालचं प्लास्टिक दिसत राहिलं पाहिजे. दहा मिनिटं थांब. मग दुसरा. मग पुन्हा "साकु!" आता घरी एकटा असलो तरी कानात तेच येतं.

विमानाच्या पाठीवरचा जोड तुम्ही शोधलात तो तर मी जन्मात शोधला नसता. माझ्या बोटाला गुळगुळीत लागत होता. तुम्ही राखाडी प्रायमरवर काळ्याचा विरळ फवारा मारलात आणि 1500 चा वॉटर पेपर ओला करून हलका फिरवलात. उंच जागचा काळा गेला, खोल जागचा राहिला. शेपटापासून कॉकपिटपर्यंत एक काळी रेघ. "ही बघ तुझी सफाई." दोनदा भरून दोनदा घासला. नाकातला तो शंकू मात्र तुम्ही शेवटपर्यंत "पुंगी"च म्हणालात, आणि मी सुधारायला गेलो नाही.

मास्कचंही राहिलं. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कार्ट्रिजवाला घे, असं खोकत खोकत सांगितलंत. मी घेतला. एअरब्रशही देवघराशेजारच्या खोलीतून गच्चीवर हलवला, कारण निरांजन आणि थिनर एका भिंतीच्या अंतरावर असल्याचं ऐकून तुम्ही डोक्याला हात लावला होता. मामा, तुमच्या गॅरेजमध्ये मात्र तो कार्ट्रिजचा मास्क खिळ्याला टांगलेलाच दिसतो.

26 तारखेला टीव्हीवर कार्यक्रम चालू असताना वडिलांच्या हातात विमान दिलं. त्यांनी आधी ते उलटं केलं आणि चाकांच्या खाचांत डोकावले, फिटरची खोड. "आमचं एफ-एल तर 2013 लाच गेलं," म्हणाले. एफ-एल म्हणजे मिग-21 चा जुना प्रकार. मग अंगठा पाठीवरून शेपटापासून पुढे नेला, परत मागे आणला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "जोड कुठं केलास याचा?"

मी तुमचं नाव सांगितलं. आता त्यांना तुमची गन बघायची आहे. येत्या रविवारी दुपारी त्यांना घेऊन येतो. कुंदा आणतोय, तुम्हाला साखरेचं पथ्य आहे हे ठाऊक आहे, तो पोरांसाठी. त्या दिवशी तरी चहा माझा.

आपला,
वीतभर मिगवाला