लायपझिगहून पत्र : शिवणाच्या खोलीची हकीकत

लायपझिग,
रविवार, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही दोघे खुशाल आहोत. ह्यांची कचेरी, येथील थंडी आणि माझा जर्मनचा वर्ग यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मागच्या वेळी शिवणाच्या खोलीचा विषय निघाला, तेव्हा आईचा आवाज एकदम बारीक झाला आणि बाबांनी नुसते ‘बरं’ म्हणून फोन तिच्याकडे दिला. त्या खोलीची सगळी हकीकत सविस्तर कळवावी, म्हणजे तुमच्या मनात किंतु राहणार नाही, असे तेव्हाच ठरवले. येथे रविवारी भिंतीला ड्रिल लावणे किंवा हातोडा मारणे चालत नाही, कारण शेजाऱ्यांच्या विश्रांतीचा तो दिवस असतो. त्यामुळे आज लिहायला निवांतपणा मिळाला आहे.

स्वयंपाकघराच्या मागची ती लहान खोली तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे. जेमतेम नऊ चौरस मीटरची, छत उंच, खाली जुन्या लाकडी फळ्या आणि एकच खिडकी, तीही उत्तरेला. आम्ही राहायला आलो तेव्हा छतातून दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबत होत्या, कारण येथे घर सोडताना भाडेकरू आपले दिवे काढून नेतात. गेले वर्षभर त्या खोलीत सामानाची खोकी आणि ह्यांची सायकल एवढेच होते. गोधड्यांचे काम मी जेवणाच्या टेबलावर करीत असे आणि संध्याकाळी ताटे मांडायची वेळ झाली की सगळे तुकडे गोळा करून पिशवीत भरावे लागत. मांडणी रोज मोडली तर गोधडी कधी पुरी होत नाही, हे आई तुला मी सांगायला नको.

बाहेर जागा का घेतली नाही, असे बाबांनी विचारले होते. या शहराच्या पश्चिमेला १८८४ साली सुरू झालेली एक प्रचंड सूतगिरणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस युरोप खंडातील सर्वांत मोठी सूतगिरणी म्हणून तिची ख्याती होती. आपले आजोबा सोलापूरच्या ज्या ‘जुन्या मिल’मध्ये होते ती हिच्या थोडीशीच आधीची. सूत निघणे बंद झाल्यावर तिच्या लाल विटांच्या इमारती पाडल्या नाहीत. तेथे आता चित्रकारांच्या आणि कारागिरांच्या कामाच्या खोल्या आणि कलादालने आहेत. मी आत जाऊन पाहून आले. जागा सुरेख आहे, परंतु दरमहा आणखी एक भाडे आपल्याला झेपणार नाही आणि जे काम अजून उभे राहायचे आहे त्याच्या डोक्यावर पहिल्याच दिवसापासून भाडे बसवणे मला पटले नाही. घरात जागा असताना ती वापरावी, हाच विचार योग्य वाटला.

आता आईला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट, म्हणजे मी ‘रस्त्यावरचे उचलले’. आई, ही येथील रीत नीट समजून घेतल्याशिवाय तू मनाला लावून घेऊ नकोस. येथे लोक घरातील वापरण्याजोगी पण नकोशी झालेली वस्तू फेकून देत नाहीत. ती स्वच्छ पुसून आपल्या इमारतीच्या दाराशी, भिंतीला लागून ठेवतात आणि ज्याला हवी त्याने न्यावी अशी चिठ्ठी तिच्यावर चिकटवतात. कपबश्या असतील तर खोक्यात कागद घालून मांडतात, दिवा असेल तर तो चालू असल्याचे चिठ्ठीत लिहितात, पाऊस असेल तर प्लास्टिक घालतात. महिनाअखेरीस अशा वस्तू विशेष दिसतात, कारण भाड्याची घरे बहुधा महिन्याच्या हिशेबाने रिकामी होतात आणि घर मोकळे करून द्यावे लागते. नेणाऱ्यांत कोट घातलेले गृहस्थ असतात, लेकुरवाळ्या बाया असतात, विद्यार्थी तर असतातच. आमच्या वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या घरातील पुस्तकांचे अर्धे कपाट अशाच पुस्तकांनी भरले आहे. वस्तू फार काळ पडून राहिली तर ती कचरा समजली जाते आणि ठेवणाऱ्याला दंड होऊ शकतो, म्हणून पुष्कळ जण न गेलेली वस्तू संध्याकाळी परत आत घेतात. आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन त्याच्या बदल्यात भांडे देई. येथे बदल्यात काही घेत नाहीत, एवढाच फरक समज. यात भीक नाही आणि उष्टेही नाही. देणाऱ्या बाईला मी स्वतः दाराशी भेटले आहे आणि आपली वस्तू कोणाच्या तरी कामी आली याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

तरीही मी माझे नियम ठेवले आहेत. गादी, उशी, कापडाची खुर्ची असे काहीही मी उचलत नाही, कारण त्यांत ढेकूण किंवा ओल असू शकते. फक्त लाकूड, काच आणि लोखंड घेते, सोड्याच्या कढत पाण्याने धुते आणि पूर्ण वाळल्याशिवाय खोलीत आणत नाही. कापायच्या टेबलाचा वरचा भाग म्हणजे असे मिळालेले एक जुने भरीव दार आहे, सुमारे दोन मीटर लांब आणि ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर रुंद. कोणाच्या तरी घराचे दार म्हणून तुझ्या मनात काय येईल ते मला ठाऊक होते, म्हणून उंबरा ओलांडण्यापूर्वी त्याला हळदकुंकू लावले आणि मगच ह्यांनी व मी ते आत घेतले.

त्या दाराला खाली दोन लाकडी घोड्या लावल्या आहेत. तेवढ्या विकत घेतल्या. उंची मुद्दाम नव्वद सेंटिमीटर ठेवली, म्हणजे उभे राहून कापड कापताना कंबर वाकत नाही. शिवणयंत्राचे टेबल मात्र बसून काम करण्याच्या उंचीचे, त्याच्यापेक्षा वीतभर खालीच हवे. दोन्ही कामे एकाच टेबलावर केली तर पाठ धरते, हे जेवणाच्या टेबलावर मला पुरते कळले होते. यंत्राच्या खाली लोकरीचे जाड नमद्याचे तुकडे घातले आहेत, त्यामुळे धडधड खालच्या घरात जात नाही, आणि रात्री मी यंत्र लावतच नाही.

यंत्राविषयी बाबांना सांगण्यासारखे आहे. ते जुने ‘व्हेरिटास’ आहे, एका वृद्ध बाईंकडून चाळीस युरोंना घेतले. बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांच्यामध्ये एल्बे नदीकाठी विटेनबेर्गे नावाचे गाव आहे, तेथे सिंगर कंपनीने १९०३ साली कारखाना काढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीच्या सरकारी मालकीचा झाला, तेथून या नावाची यंत्रे निघू लागली आणि देश एक झाल्यावर १९९१ च्या अखेरीस तो बंद पडला. गिरण्या बंद पडल्यावर गावावर काय ओढवते ते सोलापुरात तुम्ही जवळून पाहिले आहे, म्हणून हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. यंत्र मात्र दणकट आहे. तेलपाणी केले, पट्टा बदलला आणि जाड कापडाचे चार थर ते आता न अडखळता शिवते. धाव टाका अर्थात हातानेच घालते, त्याला यंत्र लावणार नाही. यंत्र फक्त ठिगळे जोडण्यापुरते आणि काठापुरते.

उत्तरेच्या खिडकीची बाबांना काळजी वाटली होती, परंतु शिवणाला तोच उजेड चांगला. ऊन थेट येत नाही, त्यामुळे कापडाचा रंग उडत नाही आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. अडचण आहे ती हिवाळ्याची, कारण डिसेंबरात येथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून भिंती आणि छत आम्हीच पांढरे केले आणि सगळ्यांत जास्त पैसे दिव्यांवर खर्च केले. ४,००० केल्व्हिनचे, म्हणजे फार पिवळा नाही आणि फार निळसरही नाही अशा उजेडाचे, आणि रंगनिर्देशांक (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ९० च्या वर असलेले एलईडी दिवे घेतले. पिवळ्या दिव्याखाली चॉकलेटी आणि मरून यांत फरक कळत नाही आणि गोधडीत तर सारी करामत रंग शेजारी बसवण्यातच असते. काटकसर करावी, पण जेथे नजर खर्ची पडते तेथे करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

बाकीचे थोडक्यात लिहिते. प्लायवूड दुकानदारच मापाने कापून देतो, त्यामुळे घरी करवत चालवावी लागली नाही. त्याच्या फळ्या झाल्या. काचेच्या बरण्यांत बटणे आणि रिळे आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आहे, कारण थंडीत ती भिंत गार पडून घाम धरते आणि कापड तिला टेकले तर बुरशी येते. एका भिंतीवर जुन्या फ्लॅनेलच्या चादरीने मढवलेला मोठा बोर्ड उभा केला आहे. कापडाचे तुकडे त्याच्यावर टाचणीविना चिकटून राहतात, म्हणून आता मांडणी दिवसचे दिवस डोळ्यांसमोर ठेवता येते, चार पावले मागे जाऊन पाहता येते आणि एखादा तुकडा खटकला की तेवढाच हलवता येतो. या घरात आल्यापासून मला एवढे समाधान दुसऱ्या कशाने दिलेले नाही.

सगळा खर्च मिळून २२० युरोंच्या आत बसला. बाबा शंभराने गुणतील आणि घाबरतील, म्हणून सांगते की हे पैसे घरखर्चातले नाहीत. उन्हाळ्यात विकल्या गेलेल्या दोन लहान गोधड्यांचे आणि मी घेतलेल्या एका शिकवणीचे आहेत. व्हिसाला यामुळे काही धोका नाही. ह्यांच्या परवान्यावर पत्नी म्हणून मला नोकरी आणि स्वतःचा व्यवसाय, दोन्ही करण्याची मुभा आहे. घरमालकांची परवानगी लेखी घेतली आहे. आणि शिकलेली मुलगी परदेशात जाऊन गोधड्या शिवते असे जे काकू म्हणाल्या, त्यांना एवढेच सांगा की गोधडी शिवणे मी आजीच्या मांडीशी बसून शिकले आणि ते काम मला पदवीइतकेच मोलाचे वाटते. येथील बायका धाव टाका शिकायला पैसे देऊन येतात आणि काठाकडून मध्याकडे टाके कसे न्यायचे ते पुनःपुन्हा विचारतात.

आई, ती खोली बाळासाठी ठेवायला हवी होती, असे तू म्हणालीस. त्याचे उत्तर मी फोनवर टाळले, कारण ह्यांच्या मातोश्री शेजारी होत्या. खोलीत कायमचे बसवलेले असे काही नाही. घोड्या मिटतात, दार भिंतीशी उभे राहते, बोर्ड दोन खिळ्यांवर आहे. गरज पडेल तेव्हा एका दिवसात खोली मोकळी होईल. तोपर्यंत ती रिकामी ठेवून रोज तिच्याकडे पाहत बसणे मला जमले नसते. याहून जास्त मला लिहवत नाही आणि तूही आता विचारू नकोस.

बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावलेला नाही. या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत ७०,००० रुपये बाबांच्या खात्यावर जमा होतील. आणखी लागले तर दादाकडून उसने घेऊ नका, मला कळवा. लेन्स कोणती बसवायची ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा, स्वस्त मिळते म्हणून नको. त्या वेळी मी तेथे असायला हवे होते. दादा आणि वहिनी आहेत, त्यांच्यावर सगळे टाकून मी येथे निर्धास्त बसले आहे असे मात्र समजू नका.

धाकट्याच्या लग्नाची फेब्रुवारीतील तारीख पक्की झाली की त्याच दिवशी कळवा, कारण तिकिटे रोज महाग होत आहेत. ह्यांना तेव्हा रजा मिळणार नाही, मी एकटी येईन, आणि तेही दहा दिवसांच्या वर राहता येणार नाही. मुलीकडच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे जावई का आले नाहीत याची चर्चा मांडवात होणार नाही. हळदीच्या आदल्या रात्रीपर्यंत मी नक्की पोहोचते. माझ्या वाट्याचा खर्च म्हणून २५,००० रुपये जानेवारीत वेगळे पाठवीन. नाही म्हणू नका, दिवाळीला आले नाही त्याचे माझ्या मनात आहे.

नव्या सुनेसाठी गोधडी करायला घेत आहे. त्यासाठी आईच्या जुन्या इरकली आणि सुती साड्या हव्या आहेत, विरलेल्या असल्या तरी चालतील, पण जरीच्या नकोत. दादाच्या कचेरीतील गृहस्थ पुढील महिन्यात बर्लिनला येणार आहेत असे कळले. त्यांच्याकडे पाच किलोपर्यंत देता येईल का, ते विचारून ठेवा. साड्या धुऊन, कडक वाळवून द्या आणि डांबराच्या गोळ्या घालू नका.

दादा-वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. काकूंसही नमस्कार सांगा.

तुमची,
थोरली