विशेष करक्षेत्राविरुद्ध लेखी हरकत नोंदवा : वसाहतीतल्या मराठी शेजाऱ्यांना आवाहन

नमस्कार मंडळी,

आपल्या वसाहतीचा नकाशा आणि बारीक टाइपातला मजकूर असलेलं सिटी कौन्सिलचं पाकीट एव्हाना सगळ्यांच्या घरी पोचलं असेल. जाहिरात समजून ते टाकून देऊ नका. आपल्या जुन्या वसाहतीवर कॅलिफोर्नियाच्या मेलो-रूस कायद्याखाली विशेष करक्षेत्र (ठराविक भागातल्या घरांवरच जादा कर लावायची सोय) बसवण्याचा इरादा कौन्सिलने ठराव करून जाहीर केला आहे. बाग, रस्त्याकडेची झाडं आणि पथदिवे यांच्या देखभालीसाठी आपल्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात दरवर्षी आणखी एक रक्कम चढेल. रहिवाशांच्या समितीचा याला ठाम विरोध आहे.

बाग कोणालाच नकोशी नाही. आपली मुलं तिथेच खेळतात, आई-वडील भारतातून आले की संध्याकाळी तिथल्याच बाकांवर बसतात. पण ही देखभाल आजवर शहराच्या सर्वसाधारण निधीतून होत आली. तो पैसा कुठे वळवला, याचं उत्तर आधी मिळायला हवं.

कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रपोझिशन १३ हा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. घराच्या करपात्र मूल्याच्या १ टक्का एवढाच मूळ कर आणि त्या मूल्यात वर्षाला फार तर २ टक्के वाढ, अशी मर्यादा आली. शहरांचं उत्पन्न आटलं, म्हणून १९८२ मध्ये मेलो-रूस कायदा झाला. नव्या वसाहतींमध्ये हा कर सर्रास दिसतो, कारण क्षेत्रात १२ पेक्षा कमी नोंदणीकृत मतदार असले की मतदान जमीनमालक एकराच्या हिशोबाने करतात, म्हणजे बहुधा एकटा बिल्डरच. तिथे घर घेणाऱ्याला कराची कल्पना आधी असते, तो किमतीत घासाघीस करू शकतो. आपण मात्र असा कर नसलेली घरं पूर्ण किंमत मोजून घेतली आहेत.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप पुढचा आहे. शाळा, पूल, अग्निशमन केंद्र अशा बांधकामासाठी राहत्या घरांवर हा कर लावला, तर तो कोणत्या वर्षी संपणार हे लिहून द्यावं लागतं आणि कमाल दर वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. देखभालीसारख्या सेवांच्या कराला कायद्याने हे बंधन नाही, आणि आपल्यावर येतोय तो सेवांचा कर. पाकिटातल्या कागदांत शेवटचं वर्ष शोधून पाहा, आम्हाला सापडलं नाही. घर विकलं तरी हा कर घरासोबत नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे विकताना गिऱ्हाईक तेवढी किंमत पाडून मागणार, हे उघड आहे.

आता करायचं काय? या प्रस्तावावर कौन्सिलपुढे सुनावणी होईल; तिच्यासाठी ठरलेल्या वेळेपर्यंत लेखी हरकत सिटी क्लार्ककडे (कौन्सिलचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पोचली पाहिजे. सभेत माइकवर कितीही पोटतिडकीने बोललात तरी ते लेखी हरकतीत मोजलं जात नाही. क्षेत्रातल्या निम्म्या किंवा अधिक नोंदणीकृत मतदारांनी, किंवा करपात्र जमिनीपैकी निम्म्या किंवा अधिक जमिनीच्या मालकांनी हरकत घेतली, तर हा प्रस्ताव वर्षभर पुढे नेता येत नाही. तसं झालं नाही तर निवडणूक होईल आणि झालेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं बाजूने पडली की कर लागू.

आपल्यापैकी कित्येकजण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत. ‘आम्हाला कुठे मत आहे’ असं म्हणून ही मंडळी गप्प बसतात. मत नसेल, पण जमीन तुमची आहे आणि जमीनमालकाच्या हरकतीला नागरिकत्व लागत नाही. घर भाड्याने देऊन पुण्याला, नाशिकला परतलेल्या मित्रांची हरकतही तितकीच धरली जाते. त्यांचे नंबर तुमच्याकडे असतील, आजच फोन करा. टपालाला वेळ लागतो.

काउंटीच्या नोंदीत नाव जसं आहे तशीच सही करा. घर दोघांच्या नावावर असेल तर दोघांनी करावी. घर ट्रस्टमध्ये टाकलं असेल तर सहीखाली ‘विश्वस्त’ असल्याचा उल्लेख इंग्रजीत करा. पार्सल नंबर, म्हणजे काउंटीच्या नोंदीतला तुमच्या जमिनीचा क्रमांक, टॅक्स बिलावर असतो. तो अर्ध्या लोकांना माहीतच नसतो, म्हणून बिल सोबत ठेवा. मोजणी घरांची होत नाही, जमिनीच्या क्षेत्रफळाची होते, तेव्हा कोपऱ्यावरच्या मोठ्या प्लॉटवाल्यांना तर आमची हात जोडून विनंती आहे.

पैशांचीही गरज आहे. मालकांची यादी मिळवणं, छपाई, टपाल आणि कागदपत्रं तपासणाऱ्या वकिलाची फी हा खर्च सध्या काही कुटुंबं पदरमोड करून भागवत आहेत. प्रत्येक घरामागे ५० डॉलर आले तर मोठा भार हलका होईल. अधिक दिलेत तर आनंदच आहे. देणगी फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांकडून, चेकनेच घेऊ, कारण पुढे निवडणूक झाली तर हिशोब तपासला जाईल. व्हिसावर असलेल्यांनी कृपया पैसे देऊ नयेत, त्याऐवजी वेळ द्यावा. तेलुगू, चिनी, स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे जाताना सोबतीला माणसं हवी आहेत. त्यातली एखादी भाषा येत असेल तर जरूर सांगा.

शनिवार-रविवार सकाळी टपालपेट्यांजवळ आमचं टेबल असेल. हरकतीचे छापील अर्ज, पेन आणि पार्सल नंबर शोधून देणारा माणूस तिथे असेल. भरलेला अर्ज आमच्याकडे दिलात तर क्लार्ककडून पोच घेऊन तिची प्रत तुम्हाला आणून देऊ.

आपले,
रहिवासी समितीचे सदस्य