कवितेचं माप आणि तिचं वळण : शिरपूरच्या मित्रास पत्र

जळगाव
आषाढ

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि यादी, दोन्ही मिळाली. वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांना जगातल्या कवितेची तोंडओळख करून द्यायची कल्पना फक्कड आहे, पण गिलगमेशपासून, म्हणजे मेसोपोटेमियाच्या त्या प्राचीन महाकाव्यापासून, सुरुवात करू नकोस. सनावळी पाठ होईल आणि कविता कानात शिरणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक प्रकाराला मुलांनी दोनच प्रश्न विचारावेत: इथं काय मोजलंय, आणि कविता कुठं वळते? परदेशी कविता ती अनुवादातच वाचणार. अनुवादात मोजणी बहुधा सांडते, वळण बरंचसं टिकतं. म्हणून मोजायला घरच्या ओळींवर शिकव आणि वळण हेरायला जगभर हिंडव.

पहिला रविवार बहिणाबाईंचा. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ही ओळ बोटांवर मोजायला लाव. आठ आणि आठ. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे चु-ल्ह्या-व-र ही चार अक्षरं. मुलं 'ल्ह्या' फोडून नऊ करतात, तिथं थांब. उलटी चूकही होते: बोलताना 'भाकर'मधला शेवटचा र अर्धाच ऐकू येतो म्हणून दोन अक्षरं धरतात. छंदात ती तीनच. आणि कृपा करून ही भाषा अहिराणी म्हणून सांगू नकोस, ती लेवा बोली आहे. तुझ्याकडची मुलं अहिराणी बोलणारी, ती लगेच पकडतील. त्यांच्याकडून कानबाईची, आपल्या खान्देशातल्या देवीची, गाणी मागव आणि तीही मोजायला लाव. माप दर ओळीला बसणार नाही, कारण तिथं गाणारीचा सूर कमी पडलेलं अक्षर भरून काढतो.

आठ-आठ हा लहान अभंग. मोठ्या अभंगाला सहा, सहा, सहा आणि चार. 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां' यात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण येऊन ओळ बसते. मग पसायदानाची पहिली ओवी घे. पहिल्या तीन चरणांना 'वें'चं यमक, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. अक्षरं आठ, आठ, सात, सहा. ज्ञानेश्वरीच्या ओवीत अक्षरांचा आकडा पक्का नसतो, ठाण मांडलेलं असतं ते यमकानं. मागणं काय, ते त्या यमकाबाहेरच्या चरणात सांगितलंय. वळणाचा पहिला धडा इथंच उरकतो.

लघु-गुरूवर फार वेळ घालवू नकोस. ऱ्हस्व म्हणजे लघु, एक मात्रा; दीर्घ म्हणजे गुरू, दोन. जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर त्यावर आघात आला तर गुरू. 'सज्जना'तला स गुरू, पण 'उन्हात'मधला उ लघुच, कारण तिथं जीभ अडखळत नाही. हा अपवाद न सांगितल्यानं निम्म्या वह्या चुकतात. सरावाला मनाचे श्लोक पुरेत: लघु-गुरू-गुरू चार वेळा, म्हणजे बारा अक्षरांचं भुजंगप्रयात.

आता सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट. चौदा ओळी ही त्याची सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. चौदाव्या शतकातला कवी पेत्रार्का याच्या इटालियन घडणीत आठ ओळी आणि सहा ओळी असे दोन भाग असतात. आठांत एक अवस्था किंवा पेच मांडायचा, नवव्या ओळीला मान फिरवायची. शेक्सपिअरची 154 सुनीतं 1609 मध्ये छापली गेली. त्यात चार-चार ओळींचे तीन बंध आणि शेवटी दोन ओळींची जोडी, त्यामुळे निवाडा बऱ्याचदा त्या जोडीपर्यंत लांबतो. इंग्रजी ओळ साधारण दहा उच्चार-अवयवांची (सिलॅबलची). मराठीत मात्र एकोणीस अक्षरी शार्दूलविक्रीडितासारखी लांब वृत्तं चालली. केशवसुतांनी 1892 मध्ये हा प्रकार मराठीत आणला. पुढं ते आपल्या फैजपूरला शिक्षक होते, हे मुलांना आवर्जून सांग. मुलं सुनीत लिहितात तेव्हा चौदाही ओळींत एकच गोष्ट म्हणत राहतात. नवव्या ओळीआधी 'पण', 'तरी' किंवा 'म्हणून' ठेवून बघायला सांग. यातला एकही शब्द बसत नसेल, तर सुनीत झालेलं नाही.

गझलेत वळण दर दोन ओळींना, म्हणजे प्रत्येक शेरात, असतं. पहिली ओळ वाट दाखवते, दुसरी चकवते. तांत्रिक भाग फळ्यावर लिही, म्हणून हा कामचलाऊ मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, देतो:

नदीत पाणी नसे तरीही पुलास या रोज भार आहे
कुणी न नावेत बैसणारा, तरी किनारी उतार आहे

'आहे' हा रदीफ, तो बदलत नाही. त्याआधीचे भार-उतार हे यमकाचे शब्द म्हणजे काफिये. काफियातल्या र-आधीचा 'आ' ही अलामत. मतल्यात दोन्ही ओळींना काफिया-रदीफ, पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीला. पुढं कुणी 'दूर आहे' लिहिलं की गझल मोडली: र जुळला, स्वर नाही. वृत्त लगालगागा (ल लघु, गा गुरू) चारदा, वीस अक्षरं. प्रत्येक शेर स्वतंत्र उभा राहिला पाहिजे. गोष्ट पुढं सरकवत नेली तर ती यमक जुळवलेली साधी कविता होते.

हायकू या तीन ओळींच्या जपानी कवितेबद्दल एक खबरदारी. पाच-सात-पाच ही मोजणी जपानी ध्वनिमानांची आहे, आपल्या अक्षरांची नाही. टोक्यो आपल्याला दोन अक्षरं, जपानीत चार मानं, कारण दीर्घ स्वर दोनदा मोजतात. त्यामुळे मराठीत आकडा नाही जुळला तरी रागावू नकोस, छेद, म्हणजे दोन चित्रांमधला काप, आहे का ते बघ. 'रिकामी बस / सीटवर उरली / केळीची साल' यात पहिल्या ओळीनंतर कापलंय. एक सरळ वाक्य तीन ठिकाणी मोडलं की हायकू होत नाही, आणि 'दुःख', 'जीवन' हे शब्द आले तर खोडायला लाव. जपानी कवी बाशोच्या बेडकावरच्या हायकूत बेडूक, जुनं तळं आणि पाण्याचा आवाज एवढंच आहे.

वेळ उरला तर तिरुक्कुरळ ही प्राचीन तमिळ रचना घे: 1330 द्विपदी, पहिल्या ओळीत चार गण, दुसरीत तीन. साने गुरुजींनी तिचा मराठी अनुवाद केलाय, त्यामुळे अमळनेरचा धागाही जुळेल. गिलगमेश शेवटच्या रविवारी, गद्यात, मोठ्यानं वाच. बारा मृत्तिकापट्टिका, प्रलय अकराव्यात. तिथं मोजायला लावू नकोस, पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं फक्त हेरायला सांग.

झेरॉक्स काढताना एका पानावर एकच कविता, आणि लांब ओळ खाली घसरू देऊ नकोस, नाहीतर मुलं तिच्या दोन ओळी मोजतात. गझलेच्या वह्या तपासायला इकडे पाठवल्यास तरी चालतील. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विजय