फोंड्याच्या डॉक्टरबाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरबाई,

सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहीत आहोत. तुम्ही आम्हा भाषांतरकारांना जे शिकवलंत ते जर्मन वैद्यकीय कागद इंग्रजीत आणणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

गोव्यातले तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, हॅम्बुर्ग किंवा ब्रेमरहाफेनच्या इस्पितळात उपचार घेऊन घरी परततात, तेव्हा पिशवीत चार-पाच पानांचं जर्मन पत्र असतं. त्याला आर्त्स्टब्रीफ म्हणतात. त्यावरून इथल्या डॉक्टरला पुढचे उपचार ठरवायचे असतात आणि जहाजावर भरती करणाऱ्या कचेरीला माणूस कामाला योग्य आहे का ते बघायचं असतं. दोघांनाही ते इंग्रजीत लागतं. शब्दकोश आमच्याकडे होताच. पण जर्मन डॉक्टर कुठली गोष्ट किती खात्रीने सांगतो आहे, हे कागदावर कसं ओळखायचं ते तुमच्या लाल पेन्सिलीने दाखवलं. त्याबद्दल सर्वात आधी आभार.

निदानाआधी ‘व्ही.ए.’ असं लिहिलेलं असतं. त्याचा विस्तार फेरडाख्ट आउफ, म्हणजे संशय. ‘व्ही.ए. लुंगेनएम्बोली’ याचं इंग्रजी ‘सस्पेक्टेड पल्मनरी एम्बोलिझम’, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा संशय. ती दोन अक्षरं गळली की नुसत्या संशयाचं पक्कं निदान होतं, आणि पुढच्या वैद्यकीय तपासणीत ते त्या माणसाच्या आड येतं. ‘आम एहेस्टन’ म्हणजे बहुधा हेच, ‘काइन आनहाल्ट फ्युअर’ म्हणजे तसा पुरावा नाही. बाह्यरुग्ण विभागाच्या कागदांवर निदानाच्या कोडनंतर एक अक्षर असतं: जी म्हणजे खात्रीचं, व्ही म्हणजे संशयित, ए म्हणजे नाही असं ठरलेलं, झेड म्हणजे पूर्वी होऊन गेलेलं. अक्षर एवढंसं, पण ए गाळलं तर नसलेला आजार रोग्याच्या नावावर लागतो. ‘झेड.एन.’, म्हणजे त्सुश्टांड नाख, याचं शब्दशः ‘कंडिशन आफ्टर’ लिहायचं नाही हेही तुमचंच. शस्त्रक्रिया असेल तर ‘स्टेटस पोस्ट’, आजार असेल तर ‘हिस्टरी ऑफ’. आणि ‘ओ.बी.’, म्हणजे ओने बेफुंड, याचं ‘विदाउट फाइंडिंग्ज’ केलं तर वाचणाऱ्याला अहवालच आला नाही असं वाटू शकतं. तिथे ‘अनरिमार्केबल’ लिहायचं.

तुम्ही चौकटीत घेतलेली एक ओळ आमच्या भिंतीवर आहे: ‘आरआर १३०/८०, एचएफ ७२, एएफ १६’. जर्मन डॉक्टरला यात रक्तदाब, नाडी आणि श्वास दिसतात, तिन्ही ठीक. आरआर म्हणजे रिव्हा-रोची, १८९६ साली रक्तदाबमापक मांडणाऱ्या इटालियन डॉक्टरचं नाव. इंग्रजीत मात्र आरआर म्हणजे श्वसनाचा वेग, एचएफ म्हणजे हार्ट फेल्युअर आणि एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे बेताल ठोके. अक्षरं तशीच उतरवली तर धडधाकट माणसाला एका ओळीत दोन हृदयविकार जडतात. म्हणून संक्षेप जसाच्या तसा ठेवायचा नाही, इंग्रजीत पूर्ण शब्द लिहायचा, हा आता आमचा नियम आहे. ‘बी.डी.एस.’ला तर तो आणखीच लागू. जर्मनमध्ये ते बाइडझाइट्स, दोन्ही बाजूंना. ब्रिटिश वळणाच्या चिठ्ठीत ते दिवसातून दोनदा.

लांबलचक जर्मन शब्दांची भीती तुम्ही एका वाक्यात घालवलीत: तत्पुरुष समास समजा आणि शेवटून विग्रह करा. बाउखश्पायशेलड्र्यूझेनएन्टत्स्युन्डुंग घ्या. शेवटचं पद एन्टत्स्युन्डुंग, दाह. कशाचा? ड्र्यूझे म्हणजे ग्रंथी. कसली ग्रंथी? श्पायशेल म्हणजे लाळ, बाउख म्हणजे पोट. पोटातली लाळग्रंथी म्हणजे स्वादुपिंड, म्हणून पॅन्क्रियाटायटिस. मधला ‘एन’ फक्त सांधा, त्याला अर्थ नाही. फोरहोफ म्हणजे वाड्यापुढचं अंगण, हृदयात ते एट्रियम, वरचा कप्पा. पुढे फ्लिमर्न असेल तर फिब्रिलेशन, फ्लाटर्न असेल तर फ्लटर. दोन्हींचे उपचार सारखे नाहीत, म्हणून इथे दोनदा बघायचं.

विग्रह कुठे फसतो तेही तुम्ही सांगितलंत. ब्लिंडडार्मएन्टत्स्युन्डुंग शब्दशः सीकमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा दाह, पण बोलायचं असतं अपेंडिसायटिसबद्दल. आणि सोपे वाटणारे शब्द जास्त घात करतात. ह्युपरटोनी म्हणजे हायपरटेन्शन. इंग्रजी हायपरटोनिया हा स्नायूंचा ताठरपणा आहे, त्याचा रक्तदाबाशी संबंध नाही. नुसतं अँगिना असेल तर बहुतेक वेळा घसाच, टॉन्सिल्सचा दाह. छातीचं दुखणं असेल तर पुढे पेक्टोरिस लिहितात. आम्बुलान्त्स म्हणजे या पत्रांत बाह्यरुग्ण विभाग, गाडी नव्हे. न्युष्टर्नला शब्दकोश ‘सोबर’ देतो, पण रक्तातल्या साखरेपुढे तो ‘फास्टिंग’ असतो. इन्झुफित्सिएन्त्स हा एकच शब्द हृदयाला लागला तर हार्ट फेल्युअर आणि मायट्रल झडपेला लागला तर रिगर्जिटेशन, झडपेतून रक्त उलटं येणं. हिंटरवांडइन्फार्क्ट, म्हणजे हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका, याचं ‘पोस्टीरियर’ करण्याआधी ईसीजीच्या लीड बघायच्या. बदल दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये असतील तर इंग्रजीत तो इन्फीरियर, खालच्या भिंतीचा. करोनरी अहवालातली ‘रिव्हा’ म्हणजे इंग्रजीतली एलएडी, हृदयाच्या पुढच्या बाजूची धमनी. तिचा रिव्हा-रोचीशी काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

अनामनेझे, म्हणजे रोग्याने सांगितलेली हकीकत, यातलं क्रियापद आम्ही वर्षानुवर्षं सरळ उतरवत होतो. ‘हाट’ऐवजी ‘हाबे’ आलं की डॉक्टर स्वतः ग्वाही देत नाही, रोग्याचं म्हणणं नोंदवतो, हे तुम्ही मराठीतल्या ‘म्हणे’वरून समजावलंत. तीन दिवसांपासून छातीत दुखतंय म्हणे. तिथे ‘द पेशंट रिपोर्ट्स’ हवं.

आकड्यांत दशांशचिन्ह स्वल्पविराम असतं आणि हजाराचं चिन्ह टिंब. १.५०० मिलिलिटर म्हणजे दीड लिटर. प्लेटलेट २५० प्रति नॅनोलिटर म्हणजे आपल्याकडच्या अहवालातले अडीच लाख प्रति मायक्रोलिटर. हिमोग्लोबिन मिलिमोलमध्ये असेल तर १.६१ ने गुणायचं, ८.७ चे १४.० ग्रॅम प्रति डेसिलिटर होतात. पण मूळ आकडा खोडायचा नाही, रूपांतर शेजारी वेगळं लिहायचं. हाताने लिहिलेला जर्मन १ आपल्याला ७ वाटतो, त्यांच्या ७ ला मधे आडवी रेघ असते. तारखेत महिना अक्षरी लिहायचा, कारण ०३.०४ हा अमेरिकन कचेरीत ४ मार्च होतो.

औषधांच्या पानासाठी तुमचे विशेष आभार, कारण सर्वात मोठा धोका तिथेच. एएसएस १०० म्हणजे ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅम. एल-थायरॉक्सिन ७५ मधले ७५ मायक्रोग्रॅम असतात, एकक लिहिलं नसलं तरी. आणि मार्कुमार म्हणजे फेनप्रोकुमॉन. ते वॉर्फरिन नव्हे आणि आपल्याकडचं ॲसिट्रोमही नव्हे. तिन्ही रक्त पातळ ठेवणारी असली तरी शरीरातून उतरायला लागणारा वेळ वेगवेगळा, म्हणून एकाच्या जागी दुसऱ्याचं नाव घालायचं नाही. मूळ ब्रँड आणि त्यातलं औषध, दोन्ही लिहायचं, पर्याय डॉक्टर ठरवतील. ऑक्टोबर २०१६ पासून जर्मनीत औषधांचा एकसारखा छापील तक्ता मिळतो. त्यात औषधाचं मूळ नाव आणि कारण यांचे रकाने असतात. तो मागून घ्या, अर्धं काम वाचतं, ही तुमची सूचना आम्ही आता प्रत्येक घरी सांगतो.

फोनवर फोटो येतो तेव्हा कडा कापलेली असते आणि नेमकं ‘उजवा’ की ‘डावा’ तिथेच असतं. असा कागद परत मागवायचा. न वाचलेल्या जागी अंदाजाने शब्द भरायचा नाही, ‘इल्लेजिबल’ लिहायचं. दोन-तीन रात्री जागून तुम्ही आमची जुनी भाषांतरं तपासलीत, तेव्हा सर्वात जास्त लाल खुणा अशाच अंदाजांवर होत्या. त्या खुणांचे आम्ही ऋणी आहोत.

तुमच्या शब्दांच्या तक्त्यात आम्ही आणखी नोंदी जोडल्या आहेत. एक अडली आहे: क्राइसलाउफकोलाप्स. इंग्रजीत ‘सर्क्युलेटरी कोलॅप्स’ म्हटलं की शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळल्याची गंभीर अवस्था वाटते, जर्मन कागदात बहुतेकदा साधी भोवळ असते. सध्या ‘सिन्कोपी’, म्हणजे थोडा वेळ शुद्ध हरपणं, असं लिहून समोर प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. चवथीनंतर तक्ता घेऊन फोंड्याला येतो, पेन्सिल तयार ठेवा.

आपले नम्र,
मडगावचे भाषांतरकार