ग्रीस माझ्या बोटांनी तपासू दिल्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

देवास नाक्याजवळच्या आपल्या शेडमध्ये मी तोंडी आभार मानू लागलो, तेव्हा आपण ‘बरं, बरं’ म्हणत दुसऱ्या गाडीखाली शिरलात. म्हणून हे जाहीर पत्र.

गाडी वडिलांची. १९९५ पासून पुण्यात जुळणी होऊ लागलेल्या डब्ल्यू १२४ मर्सिडीजपैकी ती एक. मागच्या उजव्या चाकाच्या रिमला आतल्या अंगाने काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसू लागले, तेव्हा एका नावाजलेल्या वर्कशॉपने ते पुसून गाडी परत दिली. स्वच्छतेची बक्षिसे वर्षानुवर्षे घेणाऱ्या इंदूरात पुसण्यालाच दुरुस्ती समजले जावे, याचे एक वेळ नवल नाही. पण शिंतोडे पुन्हा दिसल्यावर त्यांनी बूट, म्हणजे जॉइंटवरचे घड्याघड्यांचे रबरी आवरण, न उघडताच आतला जॉइंट गेल्याचे सांगून मागची चाके फिरवणारे दोन्ही शाफ्ट बदलण्याचे अंदाजपत्रक माझ्या हातात ठेवले. दुसऱ्या एका जाणत्याने गाडी मोकळ्या मैदानात गोल फिरवली आणि कटकट आवाज येत नाही, अर्थात सर्व ठीक आहे, असा निर्वाळा दिला. वळताना तशी कटकट करतात ते स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या पुढच्या चाकांचे जॉइंट. मागची चाके तशी वळतच नाहीत, त्यामुळे तिथला जॉइंट बरेच दिवस मुकाट झिजत राहतो आणि पुढे गाडी ओढ घेताना ठोका देऊ लागतो, हे मला आपल्याकडून कळले, त्या विद्वानांकडून नव्हे.

आपण गाडी उचलून, चाके लोंबती ठेवून, एकेक चाक हाताने सावकाश फिरवलेत आणि दोन्ही शाफ्टच्या चारही बुटांची प्रत्येक घडी बोटांनी उघडून पाहिलीत. उजवीकडचा बाहेरचा बूट फाटला होताच. डावीकडच्या आतल्या बुटाच्या घड्यांत केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या, त्या मात्र तोवर कोणाच्याच नजरेला आल्या नव्हत्या.

फाटका बूट सोडवल्यावर आतले ग्रीस आपण अंगठ्यात आणि तर्जनीत चोळून पाहिलेत. तेवढ्यावर निकाल सांगितला असतात, तरी मी मान डोलावली असती. आपण मात्र मला जवळ बोलावून त्यातले थोडे माझ्या बोटांवर ठेवलेत आणि विचारलेत, “रवा लागतोय का?” लागत नव्हता. “मग धूळ-पाणी आत गेलेलं नाही. जॉइंट चांगला आहे, नुसतं रबर गेलंय.” पुढे जॉइंट धुऊन त्याच्या गोळ्यांवर खड्डे नाहीत हेही आपण दाखवलेत, परंतु माझी खात्री त्याआधीच पटली होती. हात पुसायला खांद्यावरचे धुतलेले फडके मला दिलेत आणि स्वतःचे हात पँटला पुसलेत.

बाकीच्या कामाचे वर्णन करीत बसत नाही. यंत्रातले ज्याला कळत नाही, त्याला घाबरवून पैसे काढणे सोपे असते, आणि त्याला न दुखावता गप्प बसवणे त्याहून सोपे. ज्याला काही विचारता येणार नाही अशा माणसालाही पुरावा दाखवायचा, हा सभ्यपणा मोठमोठ्या काचेच्या काउंटरांवर मला भेटला नाही; आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. बिलात बूट, क्लिपा, ग्रीस आणि मजुरी एवढेच होते, आणि काढलेले दोन्ही बूट कागदात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलेले होते. वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि त्या अंदाजपत्रकाचा आकडा मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला.

दिवाळीत सर्वांना घेऊन महेश्वरला जायचे आहे. मानपूरचा घाट उतरण्यापूर्वी, आपण सांगितल्याप्रमाणे, क्लिपा पाहून घेण्यासाठी गाडी आणतो. वडीलही बरोबर येणार आहेत. त्यांना आपल्याशी बोलायचे आहे, तेव्हा कृपया गाडीखाली शिरू नये.

आपला कृतज्ञ,
रामबागेतील एक गाडीमालक